पिवळा दिवा लागेपर्यंत

“मॅडम, तुमच्या खिडकीला ‘नाही’ म्हणायला दर वेळी अगदी तेवढाच वेळ का लागतो?”

हा प्रश्न खरं तर नभाचा नव्हताच. तो होता पैजेचा. निलोफर मुकादमनं मधल्या सुट्टीत जाहीर केलं होतं, की नभानं सगळ्या शाळेसमोर, हातात माइक घेऊन, स्वतःच्या आईला ‘मॅडम’ म्हणत हा प्रश्न विचारला, तर निलोफरच्या अम्मीच्या हातच्या सांदणांचा अख्खा डबा नभाचा. मागच्या वर्षीची नभा असती तर माइक बघूनच ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली असती. पण वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आल्यापासून नभा गोठणकर हे प्रकरण जरा निराळंच झालं होतं. तिला आता हात वर करायला आवडायचं. विचारायला काही सुचलेलं असो नाहीतर नसो.

व्यासपीठावर शाल आणि नारळ सांभाळत बसलेल्या विभावरी गोठणकरांनी लेकीचा प्रश्न ऐकला. हॉलमध्ये खसखस पिकली.

“प्रश्न चांगला आहे,” त्या म्हणाल्या, “पण जरा तांत्रिक आहे. उत्तर घरी देईन. नाहीतरी प्रश्नकर्त्या बाईंना रात्री माझ्याकडेच जेवायचं आहे.”

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकही हसले. सांदणं पक्की झाली. नभाला फक्त एवढंच जाणवलं की आईनं उत्तर दिलं ते बाजूच्या पडद्याकडे बघत, तिच्याकडे नाही.

सत्कार कंठकोशाचा होता. मोठ्या उधाणात किनाऱ्यावरची गावं गेली तेव्हा नभा पहिलीत होती. माणसं जी मिळेल त्या होडीत, ट्रकमध्ये, हेलिकॉप्टरमध्ये चढली आणि तीन राज्यांतल्या छावण्यांत जाऊन पडली. कागद भिजले, फोन बुडाले, नावं लिहून घेणाऱ्यांनी आपापल्या भाषेत लिहून घेतली, त्यामुळे तांडेलचं ठंडेल झालं आणि मुकादमचं मुकुंद. मग संशोधकांनी एक गोष्ट हाताशी धरली. घसा, टाळू आणि जबडा यांच्या पोकळीत आवाज जसा घुमतो, तशी घुमण्याची एक खूण आईबापांकडून मुलांकडे येते. तिला त्यांनी नाव दिलं कंठमुद्रा. छावणीतल्या प्रत्येकाच्या कंठमुद्रेची नोंद झाली, आणि प्रत्येक वसाहतीच्या एसटी स्टँडवर एक खिडकी आली. खिडकीत तोंड घालून एक वाक्य बोलायचं. हिरवा दिवा लागला तर तुमचं रक्ताचं माणूस कुठल्या छावणीत आहे ते कागदावर छापून येतं. पिवळा लागला तर चिठ्ठीवर दोनच शब्द. नोंद नाही.

हा सगळा डेटाबेस, म्हणजेच कंठकोश, ज्या बाई सांभाळत, त्याची झाडलोट करत, तो थकू नये म्हणून त्याला सतत लावूनपुसून ठेवत, त्या नभाच्या आई. हुद्दा डीबीए. त्यांच्या कोशाला देशातला सर्वांत चपळ कोश म्हणून मान मिळाला होता. पूर्वी स्टँडच्या बाहेर रस्त्यापर्यंत रांग जायची. आता माणूस येतो, बोलतो, चिठ्ठी घेतो आणि पुढची गाडी पकडतो.

“पण मोजलं कुणी?” स्कूटरवरून घरी जाताना आईनं विचारलं.

“काय मोजलं?”

“तेवढाच वेळ लागतो म्हणालीस ना.”

“गौतमीनं,” नभा मागून ओरडूनच सांगत होती, वारा होता म्हणून. “ती खिडकीपाशी उभी राहून सतराचा पाढा म्हणते. हिरवा कुणाचा सतरा दुणेला लागतो, कुणाचा सतरा साते. पिवळा मात्र कायम सतरा नव्वे त्रेपन्नाशे. एकदाही दाहेला गेला नाही की आठेला आला नाही. आम्ही तिघींनी जाऊन बघितलं. निलोफर खिडकीत चक्क मांजरासारखी ओरडली, तरी त्रेपन्नाशेच.”

आईनं स्कूटरचा वेग कमी केला.

“गौतमी किती वेळा जाते?”

“आता नाही जात. आता कशाला जाईल?”

ते आईलाही ठाऊक होतं. त्यांच्या उंचवडे वसाहतीत रीतच पडली होती. तीन पिवळ्या चिठ्ठ्या झाल्या की पंचायत माणूस गेला असं धरायची. निलोफरच्या मोहल्ल्यात समोर मय्यत नसताना जनाज्याची नमाज व्हायची. बाकीच्यांकडे भटजी पळसाच्या पानांचा पुतळा करायचे, त्याला नारळाचं डोकं लावायचे आणि त्या पुतळ्याला अग्नी द्यायचे. गौतमीच्या बाबांचा, दामू तांडेलांचा, पुतळा गेल्या माघात जळला. अग्नी गौतमीनंच दिला, कारण तिला भाऊ नव्हता. नभा तेव्हा तिच्या मागे उभी होती आणि पानं जळताना चुरचुर वाजतात हे तिला तेव्हा कळलं.

“शनिवारी ऑफिसला ये,” आई म्हणाली. “दुपारी. खिडक्या बंद असतात तेव्हा.”

शनिवारी दुपारी कोशाची देखभाल असे. नभा पूर्वी कधी आली नव्हती आणि आल्या आल्या तिला सगळंच आवडून गेलं. गारेगार खोली, कपाटांतली हिरवी लुकलुक, आणि त्या सगळ्यावर राज्य करणारी आपली आई, पायात घरचे लोकरी मोजे घालून. आईनं आधी बॅकअप लावला, म्हणजे साऱ्या नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या कपाटांत जाऊ लागली. मग आकडेवारी ताजी करायला घेतली.

“ही कसली आकडेवारी?”

“कुठल्या प्रकारचे आवाज किती आहेत त्याची. आठवडाभर नवे लोक येतात, काही जातात. कोशाला जुनाच अंदाज राहिला तर तो शोधायला चुकीच्या वाटेनं निघतो. म्हणून दर शनिवारी त्याला सांगायचं, बाबा रे, आता तुझ्या पोटात हे असं आहे.”

“आणि तिथं खाली लिहिलंय ते इंडेक्स म्हणजे?”

“सूची. पुस्तकाच्या मागे असते तशी.” आईनं पडद्यावर रंगीत चौकोनांचं एक जाळं आणलं. “दालनं आहेत असं समज. घोगरे आवाज एका दालनात, बारीक दुसऱ्यात, नाकातले तिसऱ्यात. तू बोललीस की कोश तुझं दालन ओळखतो आणि त्याच्या शेजारपाजारची दालनं धुंडाळतो. बापलेकीचे आवाज सहसा जवळपासच असतात. तिथं सापडलं की हिरवा.”

“आणि तिथं नाही सापडलं तर?”

“तर सगळा कोश पहिल्या नोंदीपासून शेवटच्यापर्यंत वाचायचा.”

“मग वाचतो तो?”

आईनं खुर्ची थोडी मागे घेतली. “पहिल्या वर्षी वाचायचा,” ती म्हणाली. “एक वाचन म्हणजे पाऊण तास. तेवढा वेळ बाकीच्या सगळ्या खिडक्या लटकलेल्या. मे महिना होता. आपल्याच स्टँडवर एक सात महिन्यांची गरोदर बाई रांगेत कोसळली. मला वरून फोन, पेपरवाल्यांचे फोन. मी त्या आठवड्यात मुदत घातली. ठरावीक वेळात सापडलं नाही की शोध थांबवायचा.”

“सतरा नव्वेला.”

“हो.”

नभाच्या डोक्यात प्रश्न एकावर एक चढत होते, पण पहिल्यांदाच त्यातला एकही विचारायची तिला मजा वाटत नव्हती. “मग थांबवलेल्यांचं काय होतं?”

“त्यांच्यासाठी मी मागची रांग केली होती. थांबलेला प्रत्येक शोध त्या रांगेत. शनिवारी खिडक्या बंद असताना तो पूर्ण वाचायचा आणि माणसाला निरोप पाठवायचा. चांगली चालली होती रांग. बरेच सापडले तिच्यात. मग ती वाढत गेली. शनिवार पुरेना. बॅकअप अर्धवट राहायला लागला, आणि एकदा एक डिस्क गेली तेव्हा आठवड्याच्या नोंदी जाता जाता वाचल्या. कोशच गेला असता, नभा. मी मागची रांग महिनाभर थांबवली.”

“कधी?”

“तीन वर्षं होतील.”

नभा आईकडे बघत राहिली. आई पडद्याकडे.

“पण मग खिडकी ‘नोंद नाही’ का म्हणते? ‘अजून शोधतोय’ का नाही म्हणत?”

“कारण तिला दोनच दिवे आहेत.” आईचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. “तिसरा दिवा मी मागितला होता. तोवर खिडक्यांचं काम देऊन झालं होतं. म्हटलं, तोपर्यंत पिवळ्यावर टाकू. रांग चालू होती तेव्हा त्यानं काही बिघडतही नव्हतं, आठवड्यात खरं उत्तर जायचंच.”

म्हणजे पिवळा दिवा लागला की माणूस नाही, असं नव्हतंच. पिवळा दिवा म्हणजे वेळ संपला. नभाला वाटलं आपण हे मोठ्यांदा बोललो, पण खोलीत कपाटांचीच घरघर होती. तिला पळसाची पानं आठवली आणि ती पटकन आठवायची थांबली.

“गौतमीचा शोध पूर्ण चालव,” ती म्हणाली. “एकच. मुदत काढून.”

“आज सूची नव्यानं बांधायची आहे. ती नाही बांधली तर सोमवारी सगळ्या खिडक्या रखडतील.”

“रखडू देत.”

आईनं सूचीचं काम रद्द केलं, गौतमीचा खिडकीत नोंदलेला शेवटचा आवाज शोधून काढला, आणि मुदतीच्या जागी शून्य लिहिलं, म्हणजे मुदतच नाही. पडद्याच्या तळाशी एक निळी रेघ अगदी गोगलगायीसारखी सरकू लागली.

त्या पाऊण तासात नभानं काय काय ठरवून टाकलं. गौतमीला सांगायचं नाहीच. तिला तिसऱ्याच बहाण्यानं एसटीत बसवायचं, निलोफरला घ्यायचं, बाबांच्या बेकरीतून नानकटायांचा पुडा घ्यायचा, आणि छावणीच्या दारात गेल्यावर म्हणायचं, त्या तिकडे बघ कोण उभं आहे. “कुंदामावशी बेशुद्धच पडतील,” ती आईला म्हणाली. कुंदामावशी म्हणजे गौतमीची आई. ती नभाच्या बाबांच्या बेकरीत खारी लाटायची. “आणि त्या पुतळ्याचं काय करायचं गं? उलटा विधी असतो का काही? भटजींना दक्षिणा परत मागायला हवी.” आईनं डब्यातली पोळी मोडून तिच्या हातात दिली. स्वतः काही खाल्लं नाही.

रेघ संपली आणि पडदा हिरवा झाला.

नभा खुर्चीवरून उठलीच. नाव होतं दामूदार ठंडेल, नातं वडील, गाव माडवे, छावणी घाटापलीकडे कर्नाटकात. घशाची शस्त्रक्रिया झालेली. गाठ काढली होती आणि आवाज यंत्राच्या नळीतून येत होता. म्हणून तर तो भलत्याच दालनात जाऊन बसला होता. सूचीनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. नभानं आईच्या गळ्यात हात टाकले आणि तिला हलवलं, आणि आई हलेना तेव्हा तिच्या लक्षात आलं की आई अजून खाली वाचते आहे.

“बस,” आई म्हणाली.

“काय झालं?”

“नोंद बंद आहे.” आईनं ओळीवर बोट ठेवलं. “ज्येष्ठात गेले. यंदाच्याच.”

नभा उभी राहून महिने जुळवत राहिली. माघात पुतळा जळला. मग फाल्गुन, मग चैत्र, वैशाख. त्या सगळ्या महिन्यांत दामू तांडेल एका छावणीत जेवत होता, झोपत होता, कुणाला तरी माझं माणूस सापडलं का म्हणून विचारत होता. आणि विचारतच होता, कारण त्याच्या नोंदीखाली त्याचे शोध होते. दर गुरुवारी एक. खालपर्यंत. प्रत्येकाच्या पुढे तेच लिहिलेलं: मुदत संपली.

“गुरुवारीच का?” नभानं विचारलं. हे विचारायला नको होतं, पण दुसरं काही विचारता येत नव्हतं.

“तिथं बाजार असेल गुरुवारी. गाडी मिळत असेल.”

आईनं शेवटचा शोध उघडला. खिडकीत बोललेलं वाक्य कोशात जसंच्या तसं राहतं. आधी नळीतली घरघर आली, मग एक सपाट, पत्र्यासारखा आवाज.

“मी दामू तांडेल, माडव्याचो. गौतमी, शाळेत जातस मां गो? आवशीक सांग, मी हय आसय.”

त्यानंतर थोडी शांतता नोंदली गेली होती. खिडकीपाशी उभा राहून तो माणूस दिव्याची वाट बघत होता, तेवढी.

नभा रडली नाही, म्हणजे लगेच नाही. तिनं विचारलं, “मागच्या रांगेत आता किती जण आहेत?”

आईनं एक ओळ टंकली. आलेला आकडा नभानं डावीकडून वाचायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिला. त्यातले किती अजून गुरुवारची गाडी पकडत असतील? आई उठली, बॅकअप पूर्ण झाला का बघून आली, प्रत नीट उतरली आहे का ते दोनदा तपासलं. तिचे हात नेहमीसारखे चालत होते. फक्त दिवे घालवताना ती मधली कळ विसरली आणि परत जाऊन ती शोधत बसली.

रविवारी सकाळी आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता आणि वरच्या कार्यालयाला पाठवायचं लिहीत होती. बाबा बेकरीतून येऊन नुकतेच बसले होते, मनगटापर्यंत मैदा. आईनं त्यांना रात्रीच सगळं सांगितलं असावं; ते चहा नुसता ढवळत होते.

नभानं आईच्या खांद्यावरून वाचलं. प्रलंबित शोधांच्या हाताळणीत सुधारणा करण्याबाबत. प्रतिसाद-धोरणाचा फेरविचार. सगळं बरोबर होतं, पुरवणीत आकडे होते, नवीन कपाटांची मागणी होती. चूक हा शब्द कुठे नव्हता. दामू तांडेल तर नव्हतेच.

“हे पोचायला आणि उत्तर यायला किती दिवस?”

“पावसाळा जाईल,” आई म्हणाली.

“आणि तोवर?”

“नभा, ऐक. हे आज बाहेर पडलं तर उद्या खिडक्यांवर दगड पडतील. प्रत्येक पिवळी चिठ्ठी घेऊन लोक येतील. कोश बंद करावा लागेल. मग जे अजून सापडू शकतात, तेही जातील. मला आधी रांग सुरू करू दे.”

हे खोटं नव्हतं. नभाला आईचं खोटं ओळखता यायचं, आणि हे ते नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

“आणि कुंदा,” बाबा म्हणाले. “ती रोज माझ्यासमोर उभी राहून खारी लाटते. पुतळा झाल्यावर दोन महिने बोलली नव्हती कुणाशी. आता कुठं बेकरीतल्या पोरांना ओरडायला लागलीय, हसायला लागलीय. तिला मी काय सांगू? तू अग्नी द्यायला लावलास तेव्हा तो होता? हे कळून तिचं काय भलं होणार, सांग मला.”

“माहीत नाही, बाबा.”

“मग राहू दे ना.”

“काही भलं नाही झालं, तरी सांगायला नको?” नभा म्हणाली, पण ते तिनं स्वतःलाच विचारलं होतं. आदल्या दुपारी तिनं मनातल्या मनात गौतमीला एसटीत बसवलं होतं, तो सगळा प्रवास अजून तिच्या अंगात होता. ती गौतमीला सोमवारी शाळेत भेटणार होती. एकाच बाकावर बसणार होती. गौतमी नेहमीसारखी तिच्या वहीच्या कडेला मासे काढणार होती. आणि तिच्या वडिलांनी शेवटी काय विचारलं हे नभाला ठाऊक असणार होतं, गौतमीला नाही.

बाहेर कुणीतरी पाण्याचा टँकर आला म्हणून हाका मारत गेलं. आईनं लॅपटॉप अर्धा मिटला.

नभा उठली. गेल्या वर्षी असं उभं राहताना ती कशाचा तरी आधार शोधायची. आज तिनं टेबलाला हात लावला नाही.

“आई, रांग कधी सुरू करायची, कशी करायची, ते तू ठरव. त्यातलं तुला कळतं, मला नाही. आणि बाबा, तुम्ही म्हणता तेही खरं असेल, कुंदामावशी परत गप्प होतील. पण मी आत्ता गौतमीकडे चाललेय. मी तिला सगळं सांगणार आहे. तिच्या बाबांचा आवाज तिला ऐकायला मिळेल असंही सांगणार आहे, कारण ते वाक्य तिच्यासाठी बोललेलं आहे. आणि कुंदामावशी विचारतील की शोध कुणी थांबवला, तेव्हा मी कोश म्हणणार नाही, मशीन म्हणणार नाही. माझ्या आईनं, असं म्हणणार आहे. ते त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं की तुझ्या, आई?”